दामोदर टेंभेकरांनी निवड केली, त्याची हकीकत

दामोदर टेंभेकरांनी आयुष्यात कधी काही निवडलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना चक्क अभिमान होता. झाशीच्या सरकारी कारखान्यात भांडार विभागात चौतीस वर्षं काढली, हजारो फायली हाताखालून गेल्या, पण एकाही फायलीवर 'हे घ्या' किंवा 'हे नको' असं त्यांनी लिहिलं नाही. 'अवलोकनार्थ सादर' एवढंच लिहायचे. खाली सही, सहीखाली तारीख. फाईल वर गेली की सुटले. घरीही तोच कारभार. लग्न मामांनी ठरवलं, भिंतींचा रंग रंगाऱ्याने ठरवला, आता सासरी असलेल्या मुलीचं तन्वी हे नाव शेजारणीने सुचवलं. चहा करू की सरबत असं विचारलं तर म्हणायचे, "काहीही चालेल." त्यांच्या बायकोला, रुक्मिणीबाईंना, या 'काहीही चालेल'चा इतका वीट आला की एकदा त्यांनी कपात नुसतं गरम पाणी आणून ठेवलं. तेही बापड्यांनी मुकाट्याने पिऊन टाकलं.

निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून ते 'ठंडेश्वर कूलर'मध्ये लागले. कारखाना बिजौलीला, ऑफिस इलाइट चौराह्यावर, चपलांच्या दुकानाच्या वर. मालक जयसिंग ठाकूर. मन मोठं, मिशा मोठ्या, आवाज सगळ्यांहून मोठा. त्यांच्या वडिलांनी एक कूलर तयार केला होता, तोच अजून तयार होत होता. थोरला आणि धाकटा असे दोन आकार, रंग एकच, राखाडी. पत्र्याचा डबा, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, तळाला पाण्याची टाकी, पुढे पंखा. बदल म्हणून बावीस वर्षांपूर्वी एकदा दाराची कडी डावीकडून उजवीकडे नेली होती, आणि त्यावरही गिऱ्हाइकं नाराज झाली होती.

हवा मात्र तुफान फेकायचा, त्यात शंका नाही. पण आवाज! घरात कुणी खडी दळायला बसल्यासारखा आवाज. सुरुवातीची वर्षं एप्रिल ते जुलै टेंभेकरांच्या घरात नवराबायको एकमेकांशी हातवारे करून बोलायचे, आणि बोलणं लांबलं तर पाटीवर लिहून. रुक्मिणीबाईंना त्या घरघरीने डोकेदुखी जडली, मग चक्कर यायला लागली. डॉक्टर म्हणाले, आवाज टाळा. झालं. तेव्हापासून दर वर्षी घरातला कूलर सुरू झाला की त्या दुपारच्या बसने बरुआसागरला भावाकडे, गोपाळरावांकडे जायच्या. त्यांचं घर तळ्याकाठी, आल्याच्या शेताला लागून. तिथे खिडकी उघडली की भागतं. त्या पावसाळ्यात परतायच्या. अशी नऊ वर्षं झाली. नऊ उन्हाळे दामोदरराव डबा मागवून एकटे जेवले. एसी लावा म्हणावं, तर कूलरच्या कारखान्यातला माणूस घरी एसी लावतो ही बातमी जयसिंगांपर्यंत पोचायला एक दिवस लागला नसता, आणि शिवाय तो लावायचा की नाही हे ठरवावं लागलं असतं.

या वर्षी होळीच्या दुसऱ्या दिवशी रुक्मिणीबाईंनी पुरणाचं पातेलं घासता घासता सांगून टाकलं. "यंदा कूलर लावला की मी जाणार, आणि पावसात परतणार नाही. गौरी-गणपतीही तिथेच बसवीन. माझ्याच्यानं आता हे जाणं-येणं होत नाही." त्या चिडून बोलल्या असत्या तर दामोदररावांना बरं वाटलं असतं. त्या अगदी शांतपणे बोलल्या.

दामोदररावांच्या मनात एक युक्ती बरीच वर्षं होती. चार अरुंद पात्यांऐवजी पाच रुंद पाती, सावकाश फिरणारी मोटर, आणि बुडाशी रबराच्या चकत्या. कारखान्याच्या गजानन मिस्त्रीनेही मान डोलावली होती. हवा तेवढीच, आवाज निम्म्याहून कमी. पण जयसिंगांपुढे हा विषय काढला की ते एकच सांगायचे. "दामोदरजी, आवाज नहीं आएगी तो ग्राहक समझेगा, बंद है." तसं त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. आपल्याकडे कूलर घ्यायला आलेला माणूस आधी कान देतो, मग हवेत हात धरतो. आणि मालकाने मंजूर केल्याशिवाय एक पातंसुद्धा वेगळं बनवायचं नाही हा कारखान्याचा नियम. नियम मोडायचा तर दामोदररावांना दुसरा जन्म घ्यावा लागला असता.

अशात जयसिंगांचा मुलगा हर्षित बंगळूरहून शिकून आला. काय शिकला ते बुंदेलखंडात कुणाला नीट कळलं नाही, पण आल्या आल्या त्याने फळ्यावर मोठा बाण काढला आणि म्हणाला, आपल्या मालाचा रोडमॅप नाही. पुढच्या तीन वर्षांत काय बनवायचं, कशाआधी काय, कुणी करायचं, हे सगळं मांडून ठेवणारं सॉफ्टवेअर बाजारात मिळतं. लोकांच्या सूचना त्यात भरायच्या, गुण द्यायचे, आणि जे सगळ्यात वर येईल ते बनवायचं. "फिर पापा भी मना नहीं कर सकते," असं त्याने वडिलांच्या देखत सांगितलं. जयसिंगांनी हौसेने मान हलवली. एकुलता एक मुलगा, त्याला नाही कसं म्हणणार?

दामोदररावांनी खुर्ची फळ्याजवळ ओढली. आवाजाची गोष्ट त्या यादीत वर आली तर रुक्मिणी घरी राहील, इतका सरळ हिशोब होता. तेवढ्यात हर्षित म्हणाला, "सॉफ्टवेअर अंकलजी चुनेंगे. खरीदी का तजुर्बा है." आता बोला. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात भाजी निवडली नाही त्याला सांगितलं सॉफ्टवेअर निवडायला.

दामोदररावांनी मग जे येत होतं ते केलं. तीन कंपन्यांना पत्रं लिहिली. त्या सॉफ्टवेअरांची नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून एकाला हिरवं म्हणायचे, दुसऱ्याला निळं, आणि तिसऱ्याच्या कोपऱ्यात एक मांजर शेपूट हलवत बसलेलं असायचं त्याला मांजरवालं. तीनही चौदा दिवस फुकट वापरून बघता यायची. समान संधी म्हणून त्यांनी तीनही एकाच दिवशी, एकाच मिनिटाला सुरू केली. मग तुलनात्मक तक्ता करायला घेतला. चौसष्ट रकाने. 'धुळीत चालते काय' हा एक रकाना होता. 'हमी कालावधीत गंजल्यास बदलून मिळेल काय' हा दुसरा. सरकारी कारखान्यात नळाच्या तोट्या घेतानाचा जुना नमुना होता, त्यातला एकही रकाना गाळायचा म्हणजे पुन्हा निवड करणं आलं.

कंपन्यांच्या मेल आल्या त्या त्यांनी वाचल्या नाहीत. न वाचता छापल्या, पाकिटात घातल्या आणि लाखेची मोहर लावली, कारण दरपत्रकं समितीसमोरच उघडायची असतात. समिती म्हणजे जयसिंग, हर्षित, गजानन मिस्त्री आणि स्वतः दामोदरराव. चौघं जमेनात. लग्नसराई होती, जयसिंग आज बबीनाला जेवायला, उद्या ललितपूरला. चौदा दिवस संपले, तीनही सॉफ्टवेअरं बंद पडली, पाकिटं मोहरबंदच राहिली.

नव्या मेल पत्त्यावर पुन्हा चौदा दिवस मिळतात असं कळल्यावर त्यांनी रुक्मिणीबाईंचा पत्ता दिला. नाव लिहिलं. हुद्दा विचारला. खाली यादी आली, आणि यादीतून एक निवडल्याशिवाय गाडी पुढे जाईना. दामोदरराव पाऊण तास त्या यादीकडे बघत बसले. शेवटी पहिल्या नावावर बोट ठेवलं. अशा रीतीने रुक्मिणी दामोदर टेंभेकर या ठंडेश्वर कूलरच्या उत्पादन प्रमुख झाल्या.

त्या दिवसापासून रुक्मिणीबाईंच्या फोनवर रोज निरोप यायला लागले. रुक्मिणी, आज तुमच्या टीमने काय ठरवलं? रुक्मिणी, तुमचा रोडमॅप तुमची वाट बघतोय. बाईंनी ते फोनकडूनच मराठी करून घेतले. आधी हसल्या, मग वाचायला लागल्या, मग सकाळी चहाबरोबर निरोप आला नाही की फोन उलटा-पालटा करून बघायला लागल्या. मांजरवाल्याची एक खोड होती. काहीही भरा, शेवटी ते विचारायचं, अजून काही सांगायचंय? रुक्मिणीबाईंनी दोन दिवस ते तसंच राहू दिलं. तिसऱ्या दिवशी लिहिलं, 'हो. कूलरचा आवाज.'

"अंकलजी, ये हेड ऑफ प्रॉडक्ट कौन हैं?" हर्षितने ऑफिसात विचारलं.

"हमारे घर से हैं," दामोदरराव खाली बघत म्हणाले. तिकडे बायकोला असंच म्हणतात.

हर्षितने त्यावर नुसतं "ओके" म्हटलं. बंगळूरला त्याने याहून वाईट नेमणुका पाहिल्या असाव्यात.

एप्रिल उजाडला. शहर तापायला लागलं. शेजारच्यांचे कूलर सुरू झाले, टेंभेकरांचा मात्र झाकलेलाच होता. दामोदरराव दुपारी ओला पंचा डोक्यावर घेऊन बसायचे आणि जुन्या तक्त्याने वारा घालून घ्यायचे. रुक्मिणीबाईंनी बॅग भरून दारामागे ठेवली होती. "उगाच जिवाला त्रास करून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "येत्या शुक्रवारी मी जाते. मग लावा तुम्ही खुशाल." दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दामोदरराव जयसिंगांच्या दारात उभे राहिले आणि त्यांना गाडीत घालून इलाइटला घेऊन आले. असा आगाऊपणा त्यांनी जन्मात केला नव्हता. तो सोमवार होता.

समिती बसली. जयसिंगांनी मोठ्या समाधानाने लाखेच्या मोहरा फोडल्या. आत तीन कागद, आणि तिन्हींवर एकच दर. तीन माणसांपर्यंत शून्य. आता सगळ्यात कमी दर कुणाचा? दामोदररावांपाशी यालाही नियम होता. सारखे दर आले तर प्रत्येकाला एकदा पुनर्विचाराची संधी द्यायची. त्यांनी तिथल्या तिथे तिघांना मेल धाडली, की आपला दर शक्य तेवढा खाली आणावा. हिरवं आणि निळं गप्प बसली. मांजरवाल्यांचा पुण्याहून फोन आला, शमिका नावाची मुलगी होती.

"काका, शून्याच्या खाली मी काय देऊ तुम्हाला?" तिने विचारलं.

"ते आपण ठरवायचं. आम्ही फक्त विनंती केली."

शमिकाने विषय बदलला. "काका, तुमचं प्रॉडक्ट काय आहे?"

"कूलर."

"वर्षातून किती वेळा नवी आवृत्ती काढता?"

"बावीस वर्षांपूर्वी एकदा काढली होती. कडी उजवीकडे केली."

तिने फुकट वापरून बघायची मुदत सात दिवसांनी वाढवून दिली आणि काळजी घ्या म्हणाली. कशाची ते तिने सांगितलं नाही.

मग हर्षितने मांजरवालं भिंतीवरच्या पडद्यावर लावलं आणि तक्रारी भरायला सांगितल्या. तक्रारींचे फोन घ्यायला ऑफिसात स्वराली होती, कारखान्यातल्या जुन्या मराठी कारकुनाची नात. मराठी कळायचं तिला सगळं, बोलायची हिंदीत. तिने मागच्या उन्हाळ्याची वही उघडली आणि एकेक आकडा सांगितला. एकूण तक्रारी सहाशे बारा. पाणी गळतं, एकोणचाळीस. पंप बंद, सत्तावीस. दार लागत नाही, अकरा. उरलेल्या पाचशे पस्तीस तक्रारींपुढे तिने प्रत्येक वेळी एकच शेरा लिहिला होता, 'सुनाई नहीं दिया.'

"मतलब?" हर्षितने विचारलं.

"मतलब लोग फोन करते हैं, भैया, पर सुनाई कुछ नहीं देता. खूब घरघर आती है. मैं तीन बार हेलो बोलके रख देती हूँ."

सॉफ्टवेअरने पाचशे पस्तीसचा खांब उभा केला. तो पडद्यावर मावेना. मांजर त्याच्यामागे दिसेनासं झालं. हर्षित आनंदाने उठून उभा राहिला. आकड्यांनी निकाल दिला होता. रोडमॅपवर पहिलं काम, नवा टेलिफोन. जयसिंगांनाही पटलं. फोन बदलणं सोपं, कूलरला हात लावायला नको. गजानन मिस्त्रीने मान डोलावली, कारण तो दर बैठकीत डोलावतच असे. यादीत कुठेतरी तळाशी, एका मताची, रुक्मिणीबाईंची ओळ पडली होती. हर्षितने दामोदररावांपुढे कागद सरकवला. निवड समितीचा निर्णय, सही करा.

दामोदररावांनी पेन उघडलं. हात आपोआप चालायला लागला. 'अवलोक' इतकं लिहून झालं, आणि त्यांना दारामागची बॅग दिसली. चार महिने नव्हे, आता कायमचीच. पेन थांबलं.

"फोन खराब नहीं है," ते म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी स्वतःसुद्धा इकडेतिकडे पाहिलं, हे कोण बोललं म्हणून.

"भैयाजी," ते जयसिंगांकडे वळले, "आप घर पे फोन लगाइए."

जयसिंगांनी लावला. घरी त्यांच्या बायको, ठकुराइन, होत्या, ठंडेश्वरच्या थोरल्या कूलरसमोर. पलीकडून नुसती घरघर आली. जयसिंग हेलो हेलो करून थकले. "देखा," ते म्हणाले, "फोन ही खराब है."

"अब किसी से कहलवाके कूलर बंद करवाइए," दामोदरराव म्हणाले.

जयसिंगांनी माळ्याला फोन केला, माळ्याने आत जाऊन कूलर बंद केला. मग पुन्हा घरी फोन लावला. या वेळी ठकुराइनचा आवाज त्या खोलीत इतका लख्ख आला की स्वरालीने पदर सावरल्यासारखी ओढणी सावरली. "अब सुनाई दे रहा है?" ठकुराइन विचारत होत्या. "बीस साल से कह रहे हैं, इस डिब्बे की आवाज कम कराओ. आप हर बार कहते हो, हाँ हाँ, शाम को ले आएँगे. हमने क्या मँगाया था, कभी पूछा?"

जयसिंगांनी फोन हळूच ठेवला. मिशीवरून एकदा हात फिरवला. हर्षितने पाचशे पस्तीसच्या खांबाकडे बघितलं, आणि त्या खांबाकडे तो आता निराळ्या नजरेने बघत होता हे दामोदररावांना कळलं. त्याने मुकाट्याने तो सगळा खांब उचलला आणि रुक्मिणीबाईंच्या ओळीत नेऊन ठेवला.

"पर ग्राहक?" जयसिंगांनी शेवटचा प्रयत्न केला. "वो तो आवाज ही खरीदता है."

इथे गजानन मिस्त्री बोलला, वर्षातून एकदा बोलतो तसा. कूलर शांत करू, आणि आत पत्र्याची एक पट्टी देऊ. ज्याला आवाज हवा त्याने ती आकड्यात अडकवावी, खडखड सुरू. ज्याला नको त्याने काढून ठेवावी. जयसिंग खुलले. रोडमॅपवर दोन कामं चढली, पहिलं आवाज काढणं, दुसरं आवाज पुन्हा घालणं. हर्षित म्हणाला, बंगळूरला लोक यापेक्षा वेगळं काही करत नाहीत.

कागद अजून समोरच होता. दामोदररावांनी 'अवलोक' खोडलं. तिन्हींचा दर सारखा, चौसष्ट रकान्यांचा तक्ता हाताशी, आणि तो तक्ता काहीच सांगत नव्हता. त्यांनी लिहिलं, 'मांजरवालं घ्यावं.' कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'हे शेवटी विचारतं, अजून काही सांगायचंय का. इतर दोन विचारत नाहीत.' सही केली. तारीख घालायला मात्र विसरले, ती स्वरालीने आठवण करून देऊन घालून घेतली. फुकटातल्या तीन जागा हर्षितला, स्वरालीला आणि उत्पादन प्रमुखांना गेल्या. दामोदररावांना उरली नाही, आणि त्यांना ती नकोही होती.

गजाननने नमुना बनवायला घेतला. मंगळवार गेला, बुधवारी मोटर ग्वाल्हेरहून आली, गुरुवारी पाती बसेनात. शुक्रवारी दुपारी एक वाजता हातगाडीवरून पहिला कूलर टेंभेकरांच्या दारात उतरला. बरुआसागरची बस अडीचला. रुक्मिणीबाई लुगड्याचा पदर खोचून, बॅग मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. गजाननने कूलर खिडकीला लावला, पाणी भरलं, गवत ओलं केलं आणि निघून गेला. दामोदररावांनी बटण दाबलं.

दोघं बघत राहिली. थंड हवा आली, पडदा हलला. बाहेर कुल्फीवाल्याची घंटी वाजली ती आत ऐकू आली.

"चालू आहे ना?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"आहे."

त्यांनी उठून हवेत हात धरला, खात्री केली आणि पुन्हा बसल्या. मग दोघांनाही काही सुचेना. इतक्या उन्हाळ्यांत या खोलीत साधं बोलायची सवयच मोडली होती. दोन वाजले. अडीच वाजले. बाहेरच्या रस्त्यावरून बस गेली तिचा भोंगा स्पष्ट आला, आणि रुक्मिणीबाई जागच्या हलल्या नाहीत. दामोदररावांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पंच्याने घाम म्हणून पुसलं.

बऱ्याच वेळाने रुक्मिणीबाईंनी बॅगेची चेन उघडली. थंडीच्या दिवसांत बोलायच्या तशा हळू आवाजात म्हणाल्या, "साड्या कपाटात ठेवते परत. वरच्या कप्प्यात ठेवू की खालच्या?"

दामोदररावांच्या ओठांवर ते जुनं उत्तर आलंच होतं. ते त्यांनी गिळलं.

"वरच्या," ते म्हणाले. "तिथे स्टूल घेतल्याशिवाय तुझा हात पोचत नाही."